आठळी, बाठा आणि बियाणे

दापोली तालुक्यातल्या मुरुडमध्ये नारळी-पोफळीचे कोणतेही आगर घ्या. पुळणीला लागून असलेल्या त्या रेताड जमिनीत माड, पोफळ, आंबा, फणस, काजू, रतांबा, जायफळ आणि चिंच एकमेकांच्या सावलीत वाढतात. शाळेच्या पुस्तकाप्रमाणे या सगळ्या झाडांच्या फळांत ‘बी’ असते. आगरात काम करणाऱ्याच्या तोंडी मात्र हा शब्द क्वचित येतो. आंब्याचा तो बाठा किंवा कोय, फणसाची आठळी, चिंचेचा चिंचोका. पोफळीचे बी म्हणजे सुपारी आणि माडाचे बी म्हणजे खुद्द नारळ. ‘बी’ म्हटले जाते ते काजूला, आणि नेमकी तीच वस्तू वनस्पतिशास्त्राच्या मते फळ आहे.

आगरातला माणूस आणि शास्त्रज्ञ यांच्यात इथे मतभेद नाही. दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. ही वस्तू फुलाच्या कोणत्या भागापासून झाली, हा शास्त्रज्ञाचा प्रश्न. हिचे आता काय करायचे, हा आगरवाल्याचा. गणिती, वकील, सोनार आणि वैद्य यांनीही ‘बीज’ हा शब्द आपापल्या प्रश्नासाठी उचलला. या प्रकरणात आपण त्याच्या मागोमाग जाणार आहोत.

नाव कामावरून

मराठीतली बियांची नावे त्यांच्या उपयोगाप्रमाणे मांडून पाहिली की त्यांची शिस्त दिसते. गर खाऊन जे उरते ते कोय, बाठा, चिंचोका. उरलेले पुन्हा खाण्याजोगे असेल तर त्याला खाद्याचा मान मिळतो. आठळी पावसाळ्यात भाजून किंवा उकडून खातात, भाजीत आणि आमटीत घालतात. काजूचा काजूगर होतो आणि ओला असताना त्याची उसळ होते. तेल काढण्यासाठी ठेवलेली कापसाची बी सरकी होते. रतांब्याच्या बियांपासून निघणारे कोकमतेल थंडीत घट्ट गोळ्यासारखे होते आणि टाचांच्या भेगांवर लावले जाते.

पेरण्यासाठी राखलेले ते बियाणे. पेरायचे ते बी नसून कांडी, कंद किंवा गड्डा असेल तर ते बेणे: उसाचे बेणे, हळदीचे बेणे, बटाट्याचे बेणे. एकाच पोत्यातल्या कुळथातले चार शेर पिठल्यासाठी दळले तर ते पीठ, भिजत घातले तर कडधान्य, आणि राखेत घोळवून मडक्यात ठेवले तर बियाणे. दाणा तोच राहतो, नाव बदलते.

उगवण्याच्या शब्दांनाही हाच नियम लागू पडतो. भिजवलेल्या वालाला मोड येतात, कारण ते सोलून बिरडे करायचे असते. नारळाला कोंब फुटतो, कारण तो लावायचा असतो. भाताच्या रोपांचा तरवा होतो, कारण तो उपटून दुसरीकडे लावायचा असतो. तोडलेल्या खोडातून धुमारा येतो. नवरात्रात घटाभोवती धान्य रुजत घालतात, ते रुजवण. त्याचे पीक कोणी काढत नाही. या सर्व ठिकाणी पुस्तकी मराठीत ‘अंकुर’ हा एकच शब्द चालला असता. क्रियापदेही तशीच वाटलेली आहेत. भात पेरतात, भुईमूग टोकतात, कलम बांधतात, आणि नारळ रुजत घालतात.

शास्त्राची मोजपट्टी

आता शास्त्रज्ञाच्या बाजूने पाहू. फुलाच्या अंडाशयात बीजांडे असतात. परागीभवनानंतर बीजांडाचे बी होते आणि अंडाशयाचे फळ. बियात तीन गोष्टी हव्यात: पुढच्या झाडाचा गर्भ, त्याला पुरेल इतकी शिधासामग्री आणि वरचे आवरण. ही व्याख्या घेऊन आगरात शिरले की बऱ्याच नावांची अदलाबदल होते.

काजूपासून सुरुवात करू. आपण ज्याला फळ म्हणतो तो रसाळ बोंडू हा फुलाचा फुगलेला देठ. त्याच्या टोकाला लटकणारी, मूत्रपिंडाच्या आकाराची ‘बी’ हेच खरे फळ, आणि तिच्या कातडी जाळणाऱ्या टरफलाच्या आतला काजूगर हे खरे बी. हे झाड ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते पश्चिम किनाऱ्यावर आणले, तेव्हा त्याला जुने नाव नव्हते. लोकांना जे पेरता आले त्याला त्यांनी ‘बी’ म्हटले. व्यवहाराच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नव्हती.

नारळाचे सोडण, म्हणजे काथ्याचा थर, आणि करवंटी हे दोन्ही फळाच्या भिंतीचे भाग. बी सुरू होते ते करवंटीच्या आत. खोबऱ्याला चिकटलेली तपकिरी साल हे बियाचे आवरण, आणि खोबरे व पाणी हे दोन्ही गर्भाचे अन्न. एकाच अन्नाची ही घट्ट आणि पातळ रूपे आहेत. शहाळ्यात पाणी जास्त, तयार नारळात खोबरे जास्त. करवंटीला तीन डोळे असतात. त्यांतला एक मऊ असतो, त्याच्याखाली बोटाच्या पेराहूनही लहान गर्भ बसलेला असतो आणि कोंब तिथूनच बाहेर पडतो. कोंब आलेला नारळ फोडला की आत जो गोड, स्पंजासारखा गोळा सापडतो, तो गर्भाचाच वाढलेला भाग. खोबरे शोषून रोपाकडे पोचवणे हे त्याचे काम.

सुपारीचे उलट. सोललेली सुपारी हे निव्वळ बी आहे. अडकित्त्याने कातरल्यावर दिसणारी पांढरी-तपकिरी नक्षी म्हणजे बियाच्या आवरणाच्या घड्या अन्नसाठ्यात खोल शिरल्याच्या खुणा. मुरुडच्या उत्तरेला, बाणकोटची खाडी ओलांडली की येणाऱ्या श्रीवर्धनच्या रोठा सुपारीला बाजारात मान आहे, तो या पांढऱ्या भागाच्या जास्त प्रमाणामुळे. जायफळ हेही बी. त्याला जाळीसारखे वेढणारे लाल पांघरूण म्हणजे जायपत्री. एका बियाचे दोन मसाले, आणि दोहोंचे दर वेगळे.

तांदळाचा दाणा ज्याला आपण म्हणतो ते आख्खे फळ असते. त्यात फळाची भिंत आणि बियाचे आवरण एकजीव झालेले असते. कांडताना ती दोन्ही कोंड्यात जातात आणि बहुतेक वेळा कोपऱ्यातला गर्भही तुटून जातो. म्हणून भात पेरता येते, तांदूळ पेरता येत नाही. ‘डाळ’ या नावात तर वनस्पतिशास्त्र आधीच दडलेले आहे. जात्यात भरडल्यावर ज्याची दोन दले होतात ते द्विदल धान्य. तूर, मूग, हरभरा भरडून डाळ होते. तांदळाची डाळ कोणी करत नाही, कारण तो एकदल आहे.

भात आणि बियाणे

कोकणात भाताचे वाण नावाआधी मुदतीवरून ओळखतात. लवकर येणारे हळवे, मधले निमगरवे, उशिराचे गरवे. उंचावरच्या, पाणी लवकर आटणाऱ्या वरकस जमिनीला हळवे लागते आणि सखल मळ्याला गरवे. म्हणजे ‘बियाणे’ म्हणताना शेतकरी दाण्यासोबत जमिनीचा उतार आणि पावसाची लांबीही मोजत असतो.

पेरणीआधीची निवड हे खास काम आहे. मिठाच्या पाण्याची पद्धत कृषी विद्यापीठे आजही शिफारशीत सांगतात. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचे आणि त्यात भात ओतायचे. पोचट, किडलेले दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाचे भरलेले दाणे दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. मीठ पाण्याची घनता वाढवते, त्यामुळे अर्धवट भरलेला दाणाही वर येतो. साध्या पाण्यात तो बुडाला असता आणि फसवून गेला असता.

पिशवीवर ‘प्रमाणित’ असे लिहिलेल्या भातबियाण्याची उगवण किमान ८० टक्के आणि भौतिक शुद्धता ९८ टक्के असावी लागते. घरच्या बियाण्याची परीक्षाही सोपी आहे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीने ठेवून गुंडाळायचे, गोणपाट ओलसर ठेवायचे आणि आठवड्याने मोड मोजायचे. सत्तरच मोड निघाले तर पेरताना बियाण्याचे प्रमाण त्या हिशेबाने वाढवायचे, किंवा ते बियाणे खायला घालायचे. त्याच क्षणी ते पुन्हा धान्य होते.

सरळ वाणाचे बियाणे घरी राखून पुढच्या वर्षी पेरता येते. संकरित वाणाचे तसे होत नाही. दोन वेगळ्या आईबापांच्या संकरातून आलेली एकसारखी, जोमदार पहिली पिढी म्हणजे संकरित बियाणे. त्याचेच दाणे पुन्हा पेरले की दुसऱ्या पिढीत गुणांची फाटाफूट होते आणि शेत उंच-बुटक्या, हळव्या-गरव्या झाडांचे होते. ते उगवते व्यवस्थित, पण त्याचा भरवसा राहत नाही.

कोयीतून हापूस का येत नाही

आंब्याच्या बाबतीत हा भरवसा पहिल्यापासूनच नाही. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परपरागणातून आलेला असतो. म्हणून हापूस खाऊन फेकलेल्या कोयीचे झाड हापूस होईलच असे नाही. अशा बीपासून आलेल्या आंब्याला कोकणात रायवळ म्हणतात, आणि प्रत्येक रायवळ स्वतःपुरता एक वाण असतो. हापूस हापूसच राहावा यासाठी कलम बांधावे लागते. पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्क याच्या नावावरून आलेला हा आंबा शतकानुशतके बियाविना, फांदीवरून फांदीवर चालत आला आहे.

मुरुडपासून जवळच दापोलीला १९७२ साली कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाने ओळखले जाते. कोय कलमाची पद्धत बागायतदारांपर्यंत पोचवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला रायवळच्या कोयी रुजत घालतात. तांबूस, कोवळ्या रोपाचा शेंडा छाटून तिथे हापूसची काडी पाचर करून बांधतात. खाली रायवळचे मूळ, वर हापूसचे खोड. फेकून देण्याच्या बाठ्याला इथे पुन्हा बियाण्याची पदवी मिळते, पण फक्त पायापुरती.

हापूसचे मोठे दुखणे म्हणजे साका. बाहेरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर गरात पांढरट, आंबूस, स्पंजासारखा भाग निघतो. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या अभ्यासाने याचे मूळ कोयीत शोधले. फळ झाडावर असतानाच आतले बी रुजण्याची तयारी सुरू करते आणि त्या हालचालींचा परिणाम भोवतालच्या गरावर होतो. खाणाऱ्याला कोय टाकाऊ वाटते; झाडाच्या दृष्टीने गर हाच कोयीचा नोकर आहे. कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ हा साका न होणारा वाण काढला, आणि पुढे रत्ना व हापूस यांच्या संकरातून अतिशय पातळ कोयीचा ‘सिंधू’.

रतांब्याची अडचण आणखी वेगळी. त्यात नराचे झाड वेगळे आणि मादीचे वेगळे. बिया पेरल्या तर साधारण निम्मी झाडे नर निघतात, आणि ते कळते सहा-सात वर्षांनी फुले आल्यावर. मादी झाडाच्या काडीचे कलम लावले की हा जुगार टळतो.

तोळ्याचे गणित

बी मोजमापाच्या कामीही आले. गुंजेच्या वेलाच्या लाल, काळ्या डोळ्याच्या बिया टणक असतात, सुकल्यावर फारशा घटत नाहीत आणि आकाराने बऱ्याच सारख्या असतात. आठ गुंजांचा एक मासा, बारा मासे म्हणजे एक तोळा. अर्थात तोळ्यात ९६ गुंजा. ११.६६ ग्रॅमचा तोळा धरला तर गुंज सुमारे ०.१२ ग्रॅम भरते. ‘मासा’ हे नाव संस्कृत माष, म्हणजे उडीद, यावरून आले. आजीच्या पाटल्यांचे वजन वाल आणि गुंजांत सांगितले जाई, तेव्हा सोन्याच्या पारड्यात प्रत्यक्ष कडधान्याचीच नावे असत. लांबीतही आठ यवांचे, म्हणजे आठ जवांच्या दाण्यांचे, एक अंगुळ होई. भूमध्य समुद्राकाठच्या लोकांनी हेच काम कॅरोबच्या बियांकडून करून घेतले. हिऱ्याचा कॅरट हा शब्द तिथून आला. आज तो २०० मिलिग्रॅमचा ठरलेला आहे. नाजूक तब्येतीला आपण ‘तोळामासा प्रकृती’ म्हणतो ती सोनाराच्या तराजूवरून. हीच गुंज चावून पोटात गेली तर अत्यंत विषारी, हेही लक्षात ठेवायला हवे.

मराठी वाक्प्रचारांत बिया ठायी ठायी पेरलेल्या आहेत. एक तीळ सात जणांत वाटून खाल्ला जातो, राईचा पर्वत होतो, बैठकीत खसखस पिकते, कोणी मूग गिळून बसतो, कोणी जमलेल्या कामात बिब्बा घालतो. सगळ्यात लांबचा प्रवास सुपारीचा. पूजेत ती गणपती म्हणून बसते, लग्न ठरले की फुटते, आणि मुंबईच्या गुन्हेगारीच्या बातम्यांत खुनाचा विडा म्हणून ‘दिली’ जाते. तिन्ही ठिकाणी अर्थ एकच: व्यवहार पक्का झाला.

ती बीज आणि ते बीज

इथे एका सख्ख्या दिसणाऱ्या पण नात्यात नसलेल्या शब्दाला बाजूला काढले पाहिजे. भाऊबीज, तुकाराम बीज, बीजेची चंद्रकोर यांतली बीज बियाची नव्हे. ती ‘द्वितीया’ या संस्कृत शब्दापासून प्राकृतमार्गे आली. व्याकरणाने त्यांची ताटातूट स्वच्छ केली आहे: तिथी ती ‘ती बीज’ आणि पेरतात ते ‘ते बीज’. देशावरच्या बोलीत ‘मी बी येतो’ म्हणणाऱ्याचा ‘बी’ तर तिसऱ्याच घरचा. तो ‘अपि’ या अव्ययाचा वंशज.

मुरुडला या ‘ती बीज’चाही संबंध आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे इथे वाढले. त्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याला गेला. त्या संस्थेच्या कार्यकर्त्या दिवाळीत घरोघर जाऊन भावांकडून ओवाळणी मागत, आणि भाऊबीज निधी ही तिची ओळख बनली. उद्योगधंद्याला सुरुवातीला लागणाऱ्या पैशाला आज सरकारी योजनांत ‘बीजभांडवल’ म्हणतात. मुलींच्या शिक्षणासाठी भाऊबीजेने तेच काम केले; दोन्ही शब्दांतल्या बीजाचे कूळ वेगळे असले तरी.

त्याच १८९६ साली मुरुडच्याच आणखी एका माणसाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म मुरुडचा, १८५३ सालचा. त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा भारतीय ज्योतिर्गणिताचा मराठीत लिहिलेला इतिहास पुढच्या अभ्यासकांचा पाया ठरला. त्या शास्त्रात ‘बीज’ या शब्दाला एक तांत्रिक अर्थ आहे. ग्रंथातल्या सूत्रांनी काढलेले ग्रहांचे स्थान काही शतकांनी आकाशातल्या प्रत्यक्ष स्थानाशी जुळेनासे होते, कारण सुरुवातीच्या आकड्यांतली बारीक चूक दरवर्षी साठत जाते. ती भरून काढण्यासाठी मध्यम ग्रहांना जी दुरुस्ती देतात तिला बीजसंस्कार म्हणतात. दुसऱ्या मुरुडजवळच्या, म्हणजे जंजिऱ्याकडच्या, नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचला, तो प्रत्यक्ष वेध घेऊन असे फरक दुरुस्त करणाऱ्या घराण्यातला. चूक मुळाशीच असेल तर दुरुस्तीही मुळाशीच द्यावी लागते. नावातले बीज तेवढे सांगते.

गणितातले बीज अधिक परिचयाचे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला, त्यात ‘लीलावती’च्या पाठोपाठ ‘बीजगणित’ येते. ज्या राशी अजून अज्ञात आहेत त्यांच्याकडून ज्ञात उत्तर उगवून घेण्याचे हे गणित. आपण शाळेत क्ष आणि य मांडतो तिथे भास्कराचार्य पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देतात आणि लिहिताना या, का, नी, पी एवढीच अक्षरे वापरतात.

भरताच्या नाट्यशास्त्रात कथानकाच्या पाच अर्थप्रकृती सांगितल्या आहेत. त्यांतली पहिली बीज, शेवटची कार्य. आजचा समीक्षक ‘कथाबीज’ म्हणतो ते त्याच परंपरेत. मंत्रशास्त्रात एका अक्षराचा बीजमंत्र असतो. गणपतीचे ‘गं’ हे त्यातले घरोघर ठाऊक असलेले. योगशास्त्रात समाधीचे सबीज आणि निर्बीज असे भेद आहेत. या सगळ्यांत बीज म्हणजे आकाराने लहान आणि ज्यात पुढचे सगळे सामावले आहे असे काही. शेतकऱ्याच्या बियाण्याला असलेली एक अट मात्र या अर्थांत सुटून जाते. ते उगवेलच याची खात्री त्याला नसते, म्हणून तो शंभर दाणे गोणपाटात घालतो.

बीज कोणाचे, क्षेत्र कोणाचे

शेतीची ही भाषा माणसांना लावली की प्रश्न अवघड होतो. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात एक लांब वाद आहे. दुसऱ्याच्या शेतात कोणी बी पेरले तर पीक कोणाचे? उत्तर असे की, आधी करार झालेला नसेल तर पीक शेताच्या मालकाचे. शेताच्या नावाने चाललेली ही चर्चा खरी संततीविषयी आहे. स्त्री क्षेत्र, पुरुष बीजी, आणि मूल ‘क्षेत्रिका’चे, म्हणजे पतीचे. क्षेत्रज पुत्राची सारी व्यवस्था त्यावर उभी होती. दापोलीत शालेय शिक्षण झालेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात पुत्रांच्या या प्रकारांचा तपशीलवार धांडोळा घेतला आहे.

या रूपकात स्त्रीकडे बीजच नव्हते, फक्त जमीन होती. १८२७ साली कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी सस्तन प्राण्यांचे अंडे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले आणि ही कल्पना शास्त्रात टिकण्याजोगी राहिली नाही. मूल दोन पेशींच्या मिलनातून होते आणि दोघांचा वारसा घेऊन येते. मराठीने त्यांतल्या स्त्रीच्या पेशीला ‘स्त्रीबीज’ हे नाव दिले. वनस्पतीच्या बियाशी तुलना केली तर ते काटेकोर नाही. स्त्रीबीज ही एक पेशी असते. बी म्हणजे तयार गर्भ आणि शिदोरी. तरी सामाजिक दृष्टीने या शब्दाने जुना हिशेब बदलला. ज्या अर्ध्या माणसांना परंपरेने शेत म्हटले होते त्यांच्या नावावर भाषेने बीज चढवले. या विषयांवर मराठीत उघडपणे आणि शास्त्राच्या आधाराने लिहिणारे रघुनाथ धोंडो कर्वे यांचाही जन्म मुरुडचाच. त्यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले आणि त्यासाठी खटले सोसले.

कायद्यातले बी

भारताचा बियाणे कायदा १९६६ चा. त्याची व्याख्या वाचली तर आगरातला माणूस मान डोलावेल. कायद्याच्या लेखी बियाणे म्हणजे पेरणीसाठी किंवा लागवडीसाठी वापरले जाणारे बी. आणि त्यातच रोपे, कंद, गड्डे, मुळे, छाटे व सर्व प्रकारची कलमेही येतात. म्हणजे खायला आणलेला भुईमुगाचा दाणा कायद्याने बियाणे नाही, आणि वनस्पतिशास्त्राने बी नसलेले हापूसचे कलम मात्र बियाणे आहे. बियाणे आणि बेणे हा शेतकऱ्याने उपयोगावरून केलेला हिशेब संसदेने जवळजवळ जसाच्या तसा स्वीकारला.

अकोल्याला मुख्यालय असलेले महाबीज, म्हणजे महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, १९७६ साली स्थापन झाले आणि पिशवीबंद बियाणे गावोगाव पोचले. त्यानंतरचा प्रश्न मालकीचा. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने नव्या वाणाच्या निर्मात्याला हक्क दिले. त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्यालाही आपल्या शेतातले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने मात्र विकता येत नाही. उगवू न शकणारे बी निर्माण करणारे ‘टर्मिनेटर’ तंत्रज्ञान ज्यात आहे अशा वाणाची नोंदणीही हा कायदा नाकारतो. २०१९ साली पेप्सिको कंपनीने गुजरातमधल्या काही बटाटा उत्पादकांवर वाणाच्या हक्कावरून दावे लावले आणि टीका झाल्यावर ते मागे घेतले. तो वाद बियांचाही नव्हता, बेण्याचा होता.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली, त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला आणि लोकांनी ‘बीजमाता’ म्हटले. त्यांच्या संग्रहातले वाल, घेवडे, भात सुकवून डब्यात वर्षानुवर्षे राहू शकतात. उत्तर ध्रुवाजवळ स्वालबार येथे २००८ साली उघडलेली जागतिक बियाणे तिजोरीही याच तत्त्वावर चालते. बी सुकवले आणि गोठवले की त्याचे आयुष्य वाढते.

मुरुडच्या आगराला ही सोय नाही. आंबा, फणस, नारळ, जायफळ यांच्या बिया सुकवल्या की मरतात. ओल्या, जिवंत, घाईतल्या बिया आहेत त्या. पावसाळ्यात पडायचे आणि लगेच रुजायचे एवढेच त्यांना ठाऊक. कुठल्याही तिजोरीत आठळ्या किंवा बाठे ठेवून शंभर वर्षांनी रोपे मिळणार नाहीत. रायवळ आंब्याचा एखादा चवदार वाण किंवा बारमाही फळणारा बरका फणस टिकतो तो फक्त उभ्या झाडात, आणि झाड पडण्याआधी कोणी त्याचे कलम बांधले असेल तर त्या कलमात.

तेव्हा ज्यांच्या घरी अजून आगर आहे त्यांनी हे एक काम येत्या पावसाआधी करावे. कुंपणाच्या आतल्या प्रत्येक जुन्या झाडाचे घरात चालत आलेले नाव, फळाचा महिना, चव आणि उपयोग वहीत लिहून ठेवावा, आणि त्यातल्या चांगल्या दोन-चार झाडांची कलमे करून शेजाऱ्यांना द्यावीत. या झाडांसाठी जगात दुसरी बियाणे बँक नाही.